आमच्या गल्लीतली ओल्या कचऱ्याची टंचाई

घरात कचरा नाही म्हणून नोटीस आलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर मला बघून घ्या. हुसेन मुलाणी, एस.टी.चा निवृत्त वाहतूक नियंत्रक, राहणार ओढ्याकाठची गल्ली. कचरा केला म्हणून नोटिसा येतात, कचरा उचलला नाही म्हणून मोर्चे निघतात, हे मलाही ठाऊक आहे. पण 'आपल्या गल्लीत ओला कचरा आढळून येत नाही, तरी याचा खुलासा करावा' असा सही-शिक्क्याचा कागद हातात पडल्यावर माणसानं करायचं काय? मी आधी चष्मा पुसला. मग बायकोला, म्हणजे रेश्माला, मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग बरंच हाय की. फ्रेम करून लावा." या घरात माझं दुःख कुणाला म्हणून कळत नाही.

नोटीस नेमकी मला का आली, तर मी गल्लीचा स्वच्छतादूत आहे. आणि स्वच्छतादूत का झालो, तर माझा आवाज. सगळी नोकरी मी स्टँडवर गाड्या पुकारण्यात घालवली. 'कडेगावकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे' हे वाक्य मी ज्या ठसक्यात म्हणायचो, त्या ठसक्यात तालुक्यात दुसरं कुणी म्हणून दाखवावं. पब्लिक मात्र नाठाळ. मी पुकारा करून माइक खाली ठेवतो न ठेवतो, तोच खिडकीत मुंडकं यायचं, "साहेब, कडेगावची गाडी कवा हाय वो?" अरे गड्या, मग आत्ता मी काय भजन म्हणत होतो? एकही प्रवासी माझ्या पुकाऱ्यावर जागचा हलला नाही. गाडी डोळ्यांना दिसली की मग पळायचे.

तर निवृत्तीनंतर नगरपंचायतीनं घंटागाडी आणली आणि भोंग्यासाठी त्यांना आवाज हवा होता. मला बोलावणं आलं. मी एका दमात म्हणून दिलं, "नागरिकांनी लक्ष द्यावे! ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात द्यावा! उघड्यावर कचरा टाकणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल! मोकाट जनावरे कोंडवाड्यात जमा करण्यात येतील!" खुश होऊन त्यांनी मला स्वच्छतादूत केलं आणि एक टोपी दिली. त्या टोपीनं रेश्मा हल्ली गॅसवरनं गरम पातेलं उतरवते. असो.

तेव्हापासून रोज सकाळी माझाच आवाज माझ्याच दारात येतो. पहिले काही दिवस मी मुद्दाम ओट्यावर बसून ऐकायचो. शेजारच्या शालूआक्का तर एकदा म्हणाल्या, "हुसेनभाऊ, तुमचा आवाज आला की आमची मंगी कान टवकारून हुबी ऱ्हाती बघा." मंगी म्हणजे त्यांची शेळी. मी त्यावर विनयानं मान झुकवली. कला कुणालाही कळू शकते, असं माझं मत आहे. आक्कांच्या वाक्यातली खरी गोष्ट मला तेव्हाच कळली असती, तर पुढची सगळी शोभा टळली असती.

आता आमच्या गल्लीत ओला कचरा का नाही, ते सांगतो. आमच्याकडं भाजीचं देठ, कलिंगडाची सालं, शिळी भाकरी, पोरांनी टाकलेली चपाती हा कचरा धरतच नाहीत. ते खाणं आहे, फक्त आपलं नाही. घंटागाडीचा भोंगा वाजला की बाया दोन्ही हातांत दोन गोष्टी घेऊन बाहेर पडतात. एका हातातला सुका कचरा गाडीत आणि दुसऱ्या हातातली बादली शालूआक्काच्या दारात. आक्का ते सगळं हातानं निवडतात, नको ते बाजूला काढतात आणि मागच्या अंगणात मंगीपुढं ठेवतात. मंगीच्या दुधाचा चहा मग आळीपाळीनं सगळ्यांकडं. हिरवा डबा आमच्या गल्लीत आला तसाच कोरा आहे. एका घरात तर त्यात तांदूळ भरून ठेवलेत.

नोटिशीमागोमाग दुसऱ्या दिवशी स्वच्छता निरीक्षक ऋषिराज साहेब स्वतः आले. वय माझ्या पोरापेक्षा कमी, पण खुर्चीवर असे बसले की मलाच माझ्या घरात पाहुणा असल्यासारखं वाटायला लागलं. म्हणाले, "काका, एवढ्या चुली पेटतात आणि ओला कचरा शून्य? सरळ हिशेब आहे. तुमची गल्ली ओढ्यात टाकते."

"आम्ही?" माझा आवाज चढला. "ओढ्यात बाजारातले हॉटेलवाले टाकतात!"

"मग तुमचा जातो कुठं, ते सांगा. बुधवारी जिल्ह्याचं तपासणी पथक येणार आहे, मुख्याधिकारी मॅडम स्वतः बरोबर असतील. तोवर ओला कचरा दिसला नाही, तर ही गल्ली ओढा घाण करणारी म्हणून बोर्ड लागेल. कोपऱ्यावर. मोठ्ठा."

माझ्या जिभेवर आलं होतं, "शेळी खाते हो!" इतक्यात बाहेर घंटागाडी आली आणि माझाच आवाज कडाडला, "मोकाट जनावरे कोंडवाड्यात जमा करण्यात येतील!" साहेबांनी समाधानानं मान हलवली. "ते पण आता कडक करतोय आम्ही. वस्तीत विनापरवाना जनावर दिसलं की उचलायचं." मी घाईघाईनं त्यांना दुसरा चहा विचारला. दूध मंगीचंच होतं. साहेब म्हणाले, "चहाला चव वेगळीच आहे हां तुमच्याकडं."

संध्याकाळी ही गोष्ट शालूआक्कांच्या कानावर घालायला गेलो. म्हातारी एकटी असते. पोरगा वीरधवल फौजेत, लांब सरहद्दीवर. गेल्या सुट्टीत जाताना तोच मंगीला बाजारातनं घेऊन आला होता. आक्कांनी सगळं ऐकलं, मंगीच्या पाठीवरनं हात फिरवला आणि अगदी सहज म्हणाल्या, "मग शिराळ्याला भनीकडं धाडून देते. तुमच्या मानंवर कशापायी? एका शेळीचं काय येवढं."

पण हात काही पाठीवरनं हलेना. मग हळूच म्हणाल्या, "पोरगं म्हनलं हुतं, आई, मी न्हाई तर हिच्यापायी तरी सकाळी उठशील. आन् खरंच उठते वो. न्हाईतर कुनासाठी उठायचं?"

माझा स्वभाव तापट आहे, पण काळीज मऊ आहे, आणि ही दोन्ही मिळून मला कायम गोत्यात आणतात. मी ताडकन उठून म्हणालो, "आक्का, मंगी कुठं जाणार नाही. हा हुसेन मुलाणीचा शब्द आहे. ओला कचरा मी उभा करतो."

शब्द तर दिला. पण ओला कचरा उभा कसा करतात?

आधी सरळ मार्ग धरला. गल्लीतल्या बायांना गोळा करून सांगितलं की बुधवारपर्यंत सालं-भाकऱ्या हिरव्या डब्यात टाका. त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जसं मी काही भलतंच बोललो. "भाकरी? कचऱ्यात? आवं कंट्रोलर, पाप लागंल की!" दुसऱ्या दिवशी गाडी आली. सगळ्या गल्लीचा मिळून ओला कचरा निघाला, तो म्हणजे लसणाची फोलपटं आणि मूठभर चहाचा चोथा. लसणाची फोलपटं आमच्याच घरची. रेश्मा म्हणाली, "तुमच्या मानासाठी टाकली, तरी जीव कसनुसा झाला."

घंटागाडीचा ड्रायव्हर सूरज दात काढत होता. मी त्याला बाजूला घेतलं. "काय रे, इतके दिवस तू बघतोयस, बादल्या कुठं जातात ते. साहेबांना बोलला नाहीस ना?"

"मला कुनी इचारलंच न्हाई, काका," तो म्हणाला आणि माझा आवाज वाजवत पुढं गेला.

मग तात्याबा आले. तात्याबा म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त सुभेदार. कुठलीही अडचण त्यांना लढाईच वाटते आणि सल्ला मागायच्या आत तो तयार असतो. म्हणाले, "आपल्याकडं माल न्हाई, तर बाहेरून सप्लाय आणायचा! शत्रूला काय कळतंय? पैलं रेकी करू."

रेकी म्हणजे माझ्या स्कूटरवरून गावभर हिंडणं. पहिल्यांदा कोंडीबाच्या रसवंतीवर गेलो आणि उसाच्या चिपाडांचं पोतं भरून आणलं. पण उन्हातनं येईपर्यंत ती वाळून खडखडीत झाली. सूरजनं हात लावून बघितलं आणि म्हणाला, "काका, हे तर सुकं हाय. निळ्यात टाकू?" तात्याबा म्हणाले, पाणी मारा. पाणी मारलं, तर पोतं इतकं गळायला लागलं की गल्लीत चिखल झाला आणि रेश्मा पाय घसरून पडता पडता वाचली. त्या दिवशी मला जेवायला उशिरा मिळालं. कारण विचारायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी तात्याबांनी आपलं ब्रह्मास्त्र काढलं. मंगळवारी मंगल कार्यालयात मोठं लग्न होतं. उष्ट्या ताटांतला माल मिळाला तर हिरवा डबा तुडुंब भरेल. "तुमी मागच्या दारानं घुसा. मी फुडं कव्हर देतो," ते म्हणाले. कव्हर म्हणजे ते पुढच्या दारानं आत गेले आणि पंगतीत जेवायला बसले.

मी भर दुपारी बादली घेऊन मागच्या दाराशी उभा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात बूट. वाढप्याला म्हणालो, "जरा उरलंसुरलं असेल तर यात घाला." त्यानं वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि आत ओरडला, "मालक, कंट्रोलरसाहेब आल्यात, जेवान मागत्यात!" झालं. नवरीचे वडील धावत आले. सगळा जन्म त्यांनी माझ्या स्टँडवरनं प्रवास केलेला. त्यांचे डोळेच पाणावले. "साहेब, तुमी मागल्या दारानं? आवं हाक मारली असती तर डबा घरपोच धाडला असता की! पेन्शन बंद झाली व्हय?" मी म्हणालो, "छे हो, मला ताजं नको, उष्टं पाहिजे." हे वाक्य तोंडातनं गेल्यावर मला कळलं की गप्प बसलो असतो तर जास्त बरं झालं असतं. त्या भल्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाजूला तोंड करून रुमालानं डोळे पुसले.

बादली भरून मिळाली. भात, आमटी, भरीला जिलब्या. ती दोन्ही पायांच्या मध्ये धरून मी बाजारातनं स्कूटर हाकली. पाठीमागं कुत्री. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात बातमी होती की मुलाणी कंट्रोलरवर वाईट दिवस आलेत. रात्री दोन घरांतनं आमच्याकडं डबे आले. रेश्मानं ते घेतले. म्हणाली, "अन्नाला नाही म्हणू नये," आणि त्यातली बिर्याणी आम्ही खाल्ली. बिर्याणी चांगली होती, खोटं कशाला बोलू.

बुधवार उजाडला. हिरवा डबा आमच्या दारात, तुडुंब. रेश्मानं भोवती रांगोळीसुद्धा काढली. मंगीला लपवायला तात्याबांनी जागा ठरवली ती आमचीच मागची खोली. "स्वच्छतादूताच्या घरात शेळी हाय, असा डाऊट कुनाला येनार न्हाई," हे त्यांचं लॉजिक. मंगीला शिलाई मशीनच्या लाकडी स्टुलाला दाव्यानं बांधलं आणि दार ओढून घेतलं. सूरजला सांगून ठेवलं होतं की आज भोंगा बंद ठेव, उगाच गोंगाट नको. तोही बिचारा भोंगा बंद ठेवून कोपऱ्यावर उभा राहिला. सगळं अगदी वेळापत्रकाप्रमाणं चाललं होतं.

पथक आलं. पुढं मुख्याधिकारी मॅडम, मागं जिल्ह्याचे दोन पाहुणे, त्यांच्या मागं ऋषिराज साहेब. मॅडमनी हिरव्या डब्यात डोकावून बघितलं. साहेबांच्या तोंडावर आश्चर्य मावेना. "आला की ओला कचरा!" ते म्हणाले. मी छाती जरा पुढं काढली. शालूआक्का त्यांच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मी त्यांना डोळ्यांनीच सांगितलं, झालं आता, सुटलो.

आणि मॅडम जाता जाता वळल्या. हसून म्हणाल्या, "तो घंटागाडीवरचा आवाज तुमचाच ना? छान आहे हो. पाहुण्यांना जरा ऐकवा की."

आता तुम्हीच सांगा. अख्ख्या हयातीत मला कुणी 'ऐकवा' म्हणालं नव्हतं. मी घसा खाकरला, एक हात कानाशी नेला आणि पोटातनं आवाज काढला, "नागरिकांनी लक्ष द्यावे! ओला कचरा..."

आतनं उत्तर आलं, "बें!"

मग धाडकन दार उघडल्याचा आवाज आला. मंगी स्वयंपाकघरातनं, माझ्या दोन्ही पायांमधनं, रांगोळीवरनं थेट हिरव्या डब्यावर पोचली. मागं दाव्याला बांधलेलं स्टूल उड्या मारत आलं आणि माझ्या नडगीवर बसलं. तेवढ्यानं भागतंय थोडंच. माझा आवाज ऐकून गल्लीतली सगळी दारं सवयीनं उघडली. बाया सवयीनं बादल्या घेऊन बाहेर पडल्या आणि सवयीनं शालूआक्काच्या दाराकडं निघाल्या. निम्म्या रस्त्यात त्यांना मॅडम दिसल्या. तेव्हा कुठं सगळ्या जागच्या जागी थांबल्या, हातातल्या सालांसकट.

फक्त मंगीचं खाणं ऐकू येत होतं.

"शेळी कुणाची?" ऋषिराज साहेबांनी विचारलं.

शब्द म्हणजे शब्द. "माझी," मी म्हणालो.

तेवढ्यात शालूआक्का धावत आल्या. "आवं हुसेनभाऊ, तुमची राहू द्या की कुनाचीबी, आदी तिला वढा! शिळा भात हाय त्यो, आंबलाय! पोट फुगून मरंल माझी मंगी! वढा म्हनते न्हवं!" आणि त्यांनी सगळ्या पथकासमोर डब्यात दोन्ही हात घालून मंगीच्या तोंडातला भात काढला. वर मलाच झापलं, "शेळीला कुनी जिलब्या घालतंय व्हय?"

मग लपवायला काही उरलंच नाही. मॅडमनी बायांच्या बादल्या बघितल्या. शालूआक्काचं मागचं अंगण बघितलं, झाडून लख्ख. "रोज सगळ्यांचं हिलाच जातं?" त्यांनी विचारलं.

"व्हय बाई," आक्का म्हणाल्या. मंगीच्या मानेला मिठी मारूनच त्या बोलत होत्या. "आवं, टाकून द्याय कसं जमंल? तिला न्यायचं आसंल तर मला बी न्या कोंडवाड्यात. पर ती ओढ्यात काय न्हाई टाकत, आन् आमीबी न्हाई."

ऋषिराज साहेब म्हणाले, "मॅडम, पण मोकाट जनावर..."

मॅडमनी मंगीच्या गळ्यातल्या दाव्यावरनं नजर फिरवत नेली ती स्टुलापर्यंत. स्टूल माझ्या पायाशी होतं. "ही तर बांधलेली आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मोकाट कशी म्हणायची? परवानगीचा अर्ज या आजींकडून आजच भरून घ्या. आणि या गल्लीवर ओढ्याचा बोर्ड लावू नका. इथं ओला कचरा तयारच होत नाही, असं लिहा."

शालूआक्का मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. मलाही भरून आलं, लपवत नाही. तात्याबांनी मंगीला चक्क सॅल्यूट ठोकला.

मी हळूच घरात सटकत होतो. "एक मिनिट काका," मॅडम म्हणाल्या. "जिथं भाकरीचा तुकडा कुणी टाकत नाही, तिथं हा डबाभर भात आणि जिलब्या कुठून आल्या?"

तात्याबा तोवर अदृश्य झाले होते. फौजेत माघार कशी घेतात, ते त्या दिवशी प्रत्यक्ष बघायला मिळालं. मी खरं काय ते सांगितलं. मंगल कार्यालय दुसऱ्या प्रभागात येतं. एका प्रभागातला कचरा दुसऱ्यात नेऊन ठेवणं हा नियमभंग आहे, असं ऋषिराज साहेबांनी मोठ्या आनंदानं वाचून दाखवलं. अशा रीतीनं सबंध तपासणीत आमच्या गल्लीला शाबासकी मिळाली, मंगीला परवाना मिळाला आणि लेखी ताकीद मिळाली ती एकट्या स्वच्छतादूताला.

वर शिक्षा म्हणून पुकारा नव्यानं करून द्यायला लावला. आता रोज सकाळी घंटागाडी येते आणि माझाच आवाज गावाला सांगतो, "दुसऱ्या प्रभागातून कचरा आणून टाकणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल!" आमच्या दारासमोर आल्यावर सूरज मुद्दाम गाडी हळू करतो आणि भोंगा मोठा. रेश्मा त्या वेळी नेमकी बाहेर येऊन उभी राहते. लग्नातले ते भले गृहस्थ अजूनही सणाला डबा पाठवतात, त्यांना कितीही समजावलं तरी.

परवा सकाळी वीरधवलचा फोन आला होता. शालूआक्का ओट्यावर बसून बोलत होत्या. तेवढ्यात गाडी वळली, माझा आवाज सुरू झाला आणि मागच्या अंगणातनं मंगी ओरडली. आक्कांनी फोन तिकडं धरला. "आईकलं का रं? ही उठली बघ. आता मलाबी उठाय पायजे."

मी माझ्या ओट्यावर चहा घेत होतो. नडगी अजून ठणकते. पण सगळी नोकरी गाड्या पुकारण्यात गेली, आणि माझ्या पहिल्या पुकाऱ्याला उठून उभी राहिलेली आजवर ही एकटीच.